आझाद मैदानावरचा माणूस

पणजीच्या आझाद मैदानावरून मी तीन वर्षं ये-जा करतेय. तिथे टी. बी. कुन्हा यांचं स्मारक आहे, त्यांच्या अस्थी तिथे आहेत, हे मला गेल्या वर्षी कळलं. लाज वाटली. म्हणून हा लेख.

त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांचा जन्म 2 एप्रिल 1891 रोजी चांदरच्या कॅथलिक घरात झाला. पणजी, पाँडिचेरी आणि मग पॅरिस असं शिक्षण झालं. पॅरिसमध्ये ते इलेक्ट्रिकल इंजिनियर झाले, पण तिथे त्यांनी भारताच्या स्वातंत्र्यावर फ्रेंचमध्ये लेखही लिहिले. 1926 मध्ये ते गोव्यात परतले. योगायोग असा, की त्याच वर्षी पोर्तुगालमध्ये लष्कराने सत्ता बळकावली. पुढे 1932 मध्ये सालाझार पंतप्रधान झाला आणि हुकूमशाही पक्की झाली.

सालाझारच्या राजवटीला फॅसिस्ट म्हणायचं का, यावर इतिहासकार वाद घालतात. मी लक्षणं बघते. एकच पक्ष, राजकीय पोलीस, सभेला परवानगी, वर्तमानपत्रावर सेन्सॉर. गोव्यात तर लग्नपत्रिकासुद्धा आधी सेन्सॉरकडे जायची. माझे शापाय सांगायचे, की लहानपणी घरात राजकारणाचा विषय निघाला की मोठी माणसं आधी खिडकी लावून घ्यायची.

मला जास्त टोचते ती दुसरी गोष्ट. सालाझार स्वतः सेमिनारीत शिकलेला. कॅथलिक धर्म आणि पोर्तुगीज राज्य म्हणजे एकच, असं त्याचं सरकार भासवायचं. कुन्हांनी नेमकी हीच गाठ सोडवली. धर्म वेगळा, राष्ट्र वेगळं, असं ते मांडत राहिले. 1928 मध्ये त्यांनी गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली. 1944 मध्ये गोवेकरांच्या अराष्ट्रीयीकरणावर पुस्तिका लिहिली. आपली भाषा, आपला पेहराव यांची लाज वाटायला लावली, की माणूस बेडीशिवायही गुलाम होतो, असा तिचा रोख. पहिल्यांदा वाचली तेव्हा मला रागच आला. आमच्यासारख्या घरांवर ते फार कडक बोलतात असं वाटलं. मग आठवलं, शाळेत मराठी घेतलं तेव्हा आमच्याच घरात कोण काय म्हणालं होतं. राग गेला.

18 जून 1946 रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली. त्यानंतर लोक रस्त्यावर आले, कुन्हाही पुढे होते. जुलैमध्ये त्यांना अटक झाली. आग्वादच्या किल्ल्यात ठेवलं. साध्या नागरिकावर लष्करी न्यायालयात खटला चालवला, आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात पाठवलं. तेव्हा त्यांचं वय पंचावन्न. सुटका झाल्यावरही पोलिसांची नजर होतीच. 1953 मध्ये ते तिथून निसटून पॅरिसला आले आणि तिथून मुंबईला. मुंबईतून त्यांनी 'फ्री गोवा' हे पत्र चालवलं. 26 सप्टेंबर 1958 रोजी मुंबईतच त्यांचं निधन झालं. गोवा मुक्त झाला 19 डिसेंबर 1961 रोजी. त्यांनी तो पाहिला नाही. 1986 मध्ये त्यांच्या अस्थी तेवढ्या गोव्यात आल्या.

त्यांच्या आयुष्यातून मी दोन गोष्टी घेतल्या. हुकूमशाही पोलीस पाठवण्याच्या आधी आपल्याला गप्प बसायची सवय लावते. आणि ती आपल्याच धर्माचं नाव घेऊन आली, तर तिला ओळखणं सगळ्यांत कठीण. म्हणून तेव्हा बोलायची जबाबदारी आपलीच. सालाझारला विरोध करायला कॅथलिक घरातलाच माणूस उभा राहिला, याचा मला अभिमान वाटतो. आज कुठल्याही देशात, कुठल्याही धर्माच्या नावाने असं चाललं, तर त्या त्या घरातल्या मुलामुलींनी आधी बोलावं, असं मला वाटतं.

पुढच्या वेळी आझाद मैदानावरून जाल तर दोन मिनिटं थांबा. मी आता थांबते.