नेताजींची पाणबुडी गेली कुठे?

पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक म्हटलं की तुम्हाला विनोबा भावेच आठवणार. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघालेला इथला हा मुलगा मधेच सुरतेला उतरला आणि काशीला गेला. पुढे ऑक्टोबर १९४० मध्ये गांधीजींनी त्यांना पहिला वैयक्तिक सत्याग्रही म्हणून निवडलं आणि विनोबा उघडपणे तुरुंगात गेले. त्यानंतर तीनच महिन्यांनी कोलकात्यात आणखी एकाने घर सोडलं, पण अगदी गुपचूप. आजची गोष्ट त्याची.

सुभाषचंद्र बोस यांचा जन्म २३ जानेवारी १८९७ चा, कटकचा. तुमच्यापैकी कितीतरी जण यूपीएससीची तयारी करत असतील. सुभाषबाबू आयसीएसच्या परीक्षेत चौथे आले आणि १९२१ मध्ये राजीनामा देऊन मोकळे झाले! १९३८ आणि १९३९ मध्ये ते काँग्रेसचे अध्यक्ष होते, पण गांधीजींशी मतभेद झाले आणि ते पद सोडावं लागलं. जानेवारी १९४१ मध्ये घराबाहेर पोलिसांचा पहारा असताना ते वेष बदलून रात्री निसटले. गाडी चालवायला पुतण्या शिशिर. पुढे पेशावर, काबूल, मॉस्को आणि शेवटी बर्लिन.

जर्मनीत दोन वर्षं गेली, पण हवी तशी मदत मिळेना. तिकडे सिंगापूर जपानने घेतलेलं. तिथे पोहोचायचं तर कसं? जमिनीवर युद्ध, आकाशात युद्ध. उरला समुद्राखालचा रस्ता.

९ फेब्रुवारी १९४३ ला कील बंदरातून यू-१८० ही जर्मन पाणबुडी निघाली. आत नेताजी आणि त्यांचे सहकारी आबिद हसन. मागे व्हिएन्नात पत्नी एमिली आणि मुलगी अनिता. अनिता तेव्हा तीन महिन्यांचीही नव्हती. बापलेकीची पुन्हा भेट झाली नाही.

विचार करा, अरुंद जागा, डिझेलचा वास आणि शत्रूची जहाजं कुठेही असू शकतात. आफ्रिकेला वळसा घालून एप्रिलच्या शेवटी पाणबुडी मादागास्करजवळ आली. तिथे जपानची आय-२९ वाट बघत होती. २८ एप्रिलला खवळलेल्या समुद्रात रबरी तराफ्यातून दोघं जपानी पाणबुडीवर गेले. मे महिन्यात ते सुमात्राजवळच्या सबांगला उतरले. २१ ऑक्टोबरला सिंगापुरात आझाद हिंद सरकार स्थापन झालं.

आणि त्या दोन पाणबुड्या? आय-२९ ला जुलै १९४४ मध्ये अमेरिकन पाणबुडीने बुडवलं, एवढं तरी माहीत आहे. यू-१८० मात्र ऑगस्ट १९४४ मध्ये फ्रान्सच्या बोर्दोहून निघाली आणि बिस्केच्या उपसागरात गायबच झाली. आत ५६ जण होते, एकही परतला नाही. सुरुंगाला धडकली असावी असा अंदाज आहे. खात्री नाही.

वर्षभराने, १८ ऑगस्ट १९४५ ला, तैपेईत विमान कोसळून नेताजी गेल्याची बातमी आली. त्यावर आपल्याकडे एक समिती आणि दोन आयोग नेमले गेले, तरी वाद मिटला नाही. नेताजींचं काय झालं, हे आपण आजही विचारतो. विचारायलाच हवं. पण पुढच्या वेळी तो विषय निघाला, की त्या ५६ जणांनाही आठवा. ते शत्रूच्या शत्रूचे सैनिक होते, हे खरं. पण त्यांच्याही घरी कुणीतरी दाराकडे डोळे लावून बसलं असेलच ना? एमिलीसारखंच.