शब्दाचा पक्का ग्वान यू

मुलांनो, जपानमध्ये भिंतीवर टांगण्याची उंच, अरुंद चित्रे असतात. चित्र रेशमावर किंवा कागदावर काढतात आणि खाली लाकडी दांडी बसवतात. नको तेव्हा ते गुंडाळून ठेवता येते. अशा काही चित्रांत तुम्हांला एक धिप्पाड योद्धा दिसेल. लालबुंद चेहरा, हिरवा झगा, छातीवर रुळणारी दाढी आणि हाती लांब दांड्याचे रुंद पाते. हा योद्धा जपानी नव्हे. तो चीनचा सेनापती ग्वान यू. जपानी लोक त्याला कान-उ म्हणतात.

सुमारे अठराशे वर्षांपूर्वी चीनमध्ये हान घराण्याची सत्ता मोडकळीस आली होती. त्या धामधुमीत ग्वान यू गाव सोडून परमुलखात आला. तेथे त्याला ल्यू बेई आणि जांग फेई भेटले. तिघांत भावांसारखे प्रेम जडले.

इ. स. २०० मध्ये ल्यू बेईचा पराभव झाला आणि ग्वान यू शत्रूच्या हाती सापडला. शत्रूचे नाव त्साओ त्साओ. त्याने ग्वान यूला मारले नाही, उलट मानाचे पद दिले. आता काय करावे? मित्राला विसरावे, की उपकार विसरावे? तुम्ही काय केले असते? ग्वान यूने मोकळेपणाने सांगितले, की आधी उपकार फेडीन, मग मित्राकडे जाईन. पुढच्याच लढाईत तो घोडा दौडवत सैन्याच्या गर्दीत घुसला आणि त्याने त्साओ त्साओच्या वैऱ्याचा सेनापती ठार केला. मग मिळालेल्या सर्व भेटी बांधून तेथेच ठेवल्या, निरोपाचे पत्र लिहिले आणि तो निघाला. लोक पाठलाग करू लागले, तेव्हा त्साओ त्साओने त्यांना थांबवले. शत्रूही मोठ्या मनाचा होता!

एकदा विषारी बाणाने ग्वान यूचा दंड दुखावला. पावसाळी हवेत हाड ठणकू लागे. वैद्याने दंड चिरून हाडावरचे विष खरवडले. रक्त भांड्यात साचत होते आणि ग्वान यू सरदारांबरोबर हसत जेवत होता.

मात्र तो गर्विष्ठ होता. शेजारचा राजा सुन च्युआन याने आपल्या मुलासाठी त्याच्या मुलीला मागणी घातली, तर त्याने दूताचा अपमान केला. हाताखालच्या अधिकाऱ्यांनाही तो तुच्छ लेखी. २१९ साली तो दूर लढाईत गुंतला असताना सुन च्युआनने त्याचा मुलूख घेतला. ते अधिकारी लढलेच नाहीत. ग्वान यू पकडला गेला आणि मारला गेला.

अशा हरलेल्या सेनापतीला चिनी लोक पुढे देव मानू लागले. शब्द पाळणारा म्हणून व्यापारीही त्याला भजतात. जपानच्या योकोहामा बंदरात चिनी व्यापाऱ्यांनी त्याचे मंदिर बांधले. ते १९२३ च्या भूकंपात पडले, १९४५ च्या बाँबहल्ल्यात जळले आणि १९८६ साली पुन्हा आगीत गेले. आजचे मंदिर १९९० साली उभे राहिले.