जहाज बदलणारा तरुण: ख्वाजा अब्दुल हमीद यांनी औषधांचा बाजार कसा निवडला

धुळे-जळगावकडच्या आपल्या घरांत आजकाल कुणी ना कुणी डी.फार्म. किंवा बी.फार्म. करताना दिसतं. कुणी शिरपूरच्या आर. सी. पटेल कॉलेजात, कुणी अक्कलकुव्याच्या अली-अलानात. शिक्षण संपत आलं की दस्तरखानवर एकच विषय निघतो, आता कुठं जायचं? मामू सौदीत आहेत म्हणून सौदी, मोहल्ल्यातला कुणी दुबईत आहे म्हणून दुबई. औषधं बाहेर पाठवायची स्वप्नं पाहणारे आपले व्यापारीही बऱ्याचदा देश असाच, ओळखीवर ठरवतात. अशा वेळी आम्हाला सिप्ला काढणारे ख्वाजा अब्दुल हमीद आठवतात. त्यांच्या गोळ्या प्रत्येक मेडिकलवर मिळतात, पण त्यांचं नाव आपल्याच मुलांना माहीत नसतं.

जन्म १८९८ चा, अलिगढचा. असहकाराच्या वाऱ्यात ते कॉलेजातून बाहेर पडले. १९२० मध्ये अलिगढलाच जामिया मिल्लिया इस्लामिया उभी राहिली, तिथं त्यांनी रसायनशास्त्र शिकवलं. पुढं राष्ट्रपती झालेले झाकिर हुसैन त्यांचे दोस्त. घरच्यांनी मुलाला पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला धाडलं, पण त्यांनी वाटेत जहाज बदललं आणि जर्मनी गाठली. हा काही पोरकटपणा नव्हता. रंग असोत की औषधं, रसायनाच्या विद्येत तेव्हा जर्मनी सगळ्यांच्या पुढं होती. राज्य इंग्रजांचं म्हणून विद्याही त्यांच्याकडूनच घ्यायची, हे त्यांनी मानलं नाही. बर्लिनमध्ये पीएच.डी. केली. तिथंच विल्नाच्या एका ज्यू घरातल्या लुबा भेटल्या, १९२८ मध्ये निकाह झाला.

परत आल्यावर १९३५ मध्ये मुंबईत दोन लाखांच्या भांडवलावर त्यांनी कंपनी नोंदवली. केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज, म्हणजेच सिप्ला. माल बाजारात यायला १९३७ उजाडलं. आपल्याकडची अनेक औषधांची सूत्रं त्यांनी कंपनीला रॉयल्टी न घेता देऊन टाकली. जर्मनीत शिकलेला, युरोपात सोयरीक असलेला माणूस. युरोपचा माल मागवून विकला असता तरी गब्बर झाला असता. त्यांनी पहिला बाजार निवडला तो आपलाच देश, कारण इथला रोगी परदेशी बाटलीवर जगत होता.

४ जुलै १९३९ ला गांधीजी कारखाना पाहायला आले. दोनच महिन्यांत महायुद्ध पेटलं, युरोपातून येणारी औषधं अडली, आणि तेव्हा देशाला या कारखान्याची खरी किंमत कळली. सीएसआयआर, म्हणजे सरकारी संशोधन परिषद, उभी राहिली त्या कल्पनेतही हमीदसाहेबांचा वाटा होता.

आता बाहेरच्या बाजाराची गोष्ट, आणि ही आम्हाला फार आवडते. सर्पगंधेला आपले युनानी हकीम असरोल म्हणतात. हकीम अजमल खान यांनी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात तिच्यावर आधुनिक संशोधनाची पायाभरणी केली होती. तिथंच १९३१ मध्ये सलीमुज्जमां सिद्दीकींनी तिच्या मुळीतून एक द्रव्य वेगळं काढलं आणि मरहूम हकीमसाहेबांच्या नावावरून त्याला अजमलीन म्हटलं. हेच हकीमसाहेब जामियाचे पहिले अमीर, म्हणजे कुलपती. सिप्लाच्या इतिहासात नोंद आहे की १९४६ मध्ये कंपनीनं रक्तदाबावरचं सर्पिनॉइड अमेरिकेच्या रोलँड कॉर्पोरेशनला आठ लाखांचं विकलं. मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांचा सर्पगंधेवरचा गाजलेला शोधनिबंध विलायती मासिकात आला तो १९४९ ला, म्हणजे नंतर. अमेरिकेला अ‍ॅस्पिरिन विकायला गेले असते तर कुणी दारात उभं केलं नसतं. जे तिथं नव्हतं आणि इथल्या मातीत होतं, तेच त्यांनी पाठवलं.

फाळणीला त्यांचा विरोध होता. कारखाना, घरदार सगळं मुंबईतच राहिलं, आणि ते मुंबईचे शेरीफही झाले.

आज बाहेर पाठवायच्या फक्त औषधांच्या पेट्याच राहिलेल्या नाहीत. औषध चाचणी, नोंदणीची कागदपत्रं तयार करणं, दर्जा तपासणं ही कामंही परदेशासाठी इथं बसून होतात. पण प्रत्येक मुलुखाची रीत वेगळी. थंड देशांसाठी औषध किती टिकतं हे २५ अंश तापमान आणि ६० टक्के दमट हवेत तपासतात, उष्ण-दमट देशांसाठी ३० अंश आणि ७५ टक्के. पश्चिम आफ्रिकेच्या बऱ्याच देशांत कागद फ्रेंचमधून लागतात. अमेरिकेची तपासणी कडक आणि खर्चिक. मामू कुठं आहेत हे विचारण्याआधी आपल्या मुलांनी तिथं कुठला आजार आहे, औषध कुणाकडं कमी पडतंय आणि आपल्याला त्यातलं काय येतं, हे विचारावं असं आम्हाला वाटतं. खान्देशच्या उन्हाळ्यात गोळी कशी खराब होते हे आपल्या दुकानदाराला पुस्तक न वाचताही कळतं, ते ज्ञानही काही कमी नाही.

हमीदसाहेबांना एक गोष्ट कायम डाचत होती. पेटंटचा जुना कायदा इंग्रजांच्या काळातला, १९११ चा. परदेशी कंपनीचं औषध दुसऱ्या रीतीनं बनवायलाही इथल्या कारखानदाराला मनाई. नवा कायदा १९७० मध्ये मंजूर झाला आणि २० एप्रिल १९७२ ला लागू झाला. औषधाच्या पदार्थावरचं पेटंट गेलं, फक्त बनवण्याच्या रीतीवरचं उरलं. पुढं दोनच महिन्यांनी, २३ जून १९७२ ला, त्यांचा इंतकाल झाला.

त्या कायद्याच्या जोरावर शिकलेली विद्या घेऊन २००१ मध्ये त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद आफ्रिकेच्या बाजारात उतरले. एड्सच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च तेव्हा बड्या कंपन्यांकडं दहा हजार डॉलरच्या वर होता. डॉक्टरांच्या एका सेवाभावी संस्थेला सिप्लानं तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला, रोजचा एक डॉलरही नाही. पैसे नाहीत म्हणून तो मुलुख इतर कंपन्यांनी बाजार म्हणून मोजलाच नव्हता.