उमर मुख्तार : आभाळातून आलेल्या युद्धाचा साक्षीदार

लिबियाच्या दहा दिनारच्या नोटेवर पांढऱ्या दाढीच्या एका वृद्धाचे चित्र आहे. हे उमर मुख्तार. १९३१ साली इटलीच्या फौजेने त्यांना फाशी दिले, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. जग त्यांना ‘वाळवंटाचा सिंह’ म्हणून ओळखते. त्यांचा मूळ पेशा मात्र मुलांना कुरआन शिकवण्याचा होता.

पूर्व लिबियातील बरका प्रांतात, तोब्रुकच्या बाजूला, मनिफा टोळीतील एका साध्या घरात १८६०च्या आसपास त्यांचा जन्म झाला. हजला निघालेले वडील वाटेतच वारले. पोरका मुलगा सनुसी तरीक्याच्या बुजुर्गांच्या छायेत वाढला. सनुसींच्या खानकाहला तिकडे झाविया म्हणतात. मशीद, मदरसा, मुसाफिरखाना, विहीर आणि शेती असे सारे तिथे एकत्र असे. जगबूब येथील सनुसींच्या मोठ्या मदरशात उमर मुख्तार आठ वर्षे शिकले आणि पुढे जबल अल-अख्दर, म्हणजे हिरव्या डोंगराच्या प्रदेशात, एका झावियाचे शेख झाले. मुलांना शिकवणे, टोळ्यांचे तंटे सोडवणे आणि वाटसरूंची सोय पाहणे हे त्यांचे काम. दर सात दिवसांनी ते एक कुरआन पूर्ण करीत, असे सांगितले जाते.

१९११च्या शरद ऋतूत इटलीने लिबियावर हल्ला केला. तेव्हा हा मुलूख उस्मानी तुर्कांच्या ताब्यात होता. १ नोव्हेंबर १९११ रोजी जुलिओ गावोत्ती या इटालियन वैमानिकाने त्रिपोलीजवळच्या ऐन झारा आणि ताजूरा या ठिकाणी विमानातून हाताने चार छोटे बॉम्ब टाकले. विमानातून बॉम्ब टाकण्याची जगाच्या इतिहासातली ही पहिली घटना. पुढे लंडन, ड्रेस्डेन, टोकियोपर्यंत जे घडले, त्याची सुरुवात लिबियाच्या खजुरीच्या बागांत झाली.

त्या युद्धाचे पडसाद हिंदुस्थानातही उमटले. तुर्की जखमींसाठी वर्गण्या जमल्या. मौलाना आझादांच्या ‘अल-हिलाल’ने हा विषय लावून धरला. जखमींना पाणी पाजताना मारल्या गेलेल्या फातिमा बिंत अब्दुल्ला या अरब मुलीवर इक्बाल यांनी नज्म लिहिली. १९१२ साली तुर्कांनी तह करून माघार घेतली, पण लिबियाच्या माणसांना माघार घ्यायला जागा नव्हती.

मुसोलिनीच्या हाती सत्ता आल्यावर इटलीने सनुसींशी झालेले जुने करार मोडीत काढले. सनुसींचे प्रमुख इद्रीस इजिप्तला निघून गेले आणि १९२३ पासून बरकातील लढ्याची धुरा साठी उलटलेल्या या शिक्षकाच्या खांद्यावर आली. त्यांचे घोडेस्वार काही शेकड्यांच्या तुकड्यांत विखुरलेले असत. रसद अडवायची, चौकीवर छापा घालायचा आणि डोंगरातल्या घळींत दिसेनासे व्हायचे, ही त्यांची रीत. पायदळाला ते सापडत नसत आणि वैमानिकाला तर नाहीच. आभाळातून दिसत ते लोकरीचे तंबू, मेंढ्यांचे कळप, विहिरीवरची गर्दी आणि उंटांचे तांडे. मग बॉम्ब आणि मशीनगनच्या गोळ्या त्यांच्यावरच पडत. मेंढपाळ आणि मुजाहिद यांतला फरक आभाळातून कळत नव्हता, आणि तो करण्याची गरजही पुढे उरली नाही.

१९२९च्या जून महिन्यात गव्हर्नर बादोग्लिओ यांच्याशी वाटाघाटी झाल्या. धर्मशिक्षणाची मोकळीक, अरबी भाषेला स्थान आणि बळकावलेल्या मालमत्तेची परतफेड अशा मागण्या उमर मुख्तार यांनी मांडल्या. इटलीला तह नको होता, शरणागती हवी होती. काही महिन्यांत युद्धबंदी संपली.

१९३०च्या मार्चमध्ये जनरल ग्रात्सियानी बरकाचे उपगव्हर्नर म्हणून आले. पाण्यातला मासा हाती लागत नसेल तर तळेच आटवायचे, असे त्यांचे धोरण होते. मुजाहिदांना धान्य, घोडे आणि खबर पुरवणारी सारी वस्तीच त्यांनी उचलली. झाविया बंद झाल्या, त्यांच्या जमिनी जप्त झाल्या. सव्वादोन लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या प्रांतातील सुमारे १ लाख माणसे, म्हातारी, बायका आणि लेकरांसह, शेकडो किलोमीटर चालवत सलूक, मगरून, अल-अगेला अशा काटेरी तारांच्या छावण्यांत कोंबली गेली. भूक, रोगराई आणि फाशी यांनी तिथे किमान ४० हजार माणसे मेली, असे अनेक इतिहासकार मानतात.

त्याच वर्षी, ३१ जुलै १९३० रोजी, चार इटालियन विमानांनी ताझिर्बू या दूरच्या मरूद्यानावर बॉम्बफेक केली. त्यात मस्टर्ड गॅसचे, प्रत्येकी २१ किलोचे २४ बॉम्ब होते. हा वायू कातडी भाजतो, डोळे आणि फुफ्फुसे जाळतो. युद्धात विषारी वायूला बंदी घालणाऱ्या १९२५च्या जिनिव्हा करारावर इटलीची सही होती आणि १९२८ साली तिने तो मंजूरही केला होता.

मग कुफ्राची पाळी आली. वाळवंटाच्या पोटातले हे सनुसींचे अखेरचे मोठे ठाणे २० जानेवारी १९३१ रोजी पडले. हिजरी १३४९चा रमजान त्याच सुमारास सुरू झाला. लुटालूट आणि कत्तलीच्या भीतीने माणसे कुटुंबकबिल्यासह इजिप्त आणि सुदानच्या दिशेने पळाली. विमानांनी त्यांचा पाठलाग केला. विमानांतून जे वाचले, त्यांच्यापुढे शेकडो किलोमीटरचे निर्जल वाळवंट होते. रोजेदाराची तहान मगरिबच्या अजानला संपते. या माणसांच्या तहानेला मगरिब नव्हती. कित्येक वाटेतच मेले. इजिप्तच्या सर्वेक्षण खात्यातले पॅट क्लेटन मोटारी घेऊन त्या वाळवंटात गेले आणि त्यांनी काही जणांचे प्राण वाचवले.

आपल्या लढ्याची किंमत छावण्यांतली लेकरे मोजत आहेत, हे उमर मुख्तार यांना दिसत नव्हते असे नाही. शरण गेले असते तर ही माणसे वाचली असती का, हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. पण छावण्या उभारण्याचा, विषारी वायू टाकण्याचा आणि पळणाऱ्यांवर विमाने सोडण्याचा निर्णय त्यांचा नव्हता. शिवाय डोंगरातल्या सुपीक जमिनी इटालियन शेतकऱ्यांना देण्याचा बेत आधीपासूनच होता. शस्त्र खाली ठेवणाऱ्याची जमीन त्याच्याकडे राहील, अशी हमी कोणीच देत नव्हते.

इजिप्तच्या सरहद्दीवर सुमारे २७० किलोमीटर काटेरी कुंपण उभे राहिले आणि रसदीची शेवटची वाटही बुजली. ११ सप्टेंबर १९३१ रोजी स्लोंताजवळच्या चकमकीत घोडा गोळी लागून कोसळला आणि उमर मुख्तार पकडले गेले. १५ सप्टेंबरला बेनगाझीत खटल्याचा देखावा झाला. त्यांच्या बचावासाठी नेमलेले कॅप्टन लोन्तानो यांनी, हा वृद्ध इटलीचा प्रजाजन नसून युद्धकैदी आहे, अशी बाजू प्रामाणिकपणे मांडली आणि त्याबद्दल शिक्षा भोगली. दुसऱ्या दिवशी सकाळी सलूकच्या छावणीत सुमारे २० हजार कैद्यांना जबरदस्तीने उभे करून त्यांच्यासमोर उमर मुख्तार यांना फाशी देण्यात आले.

लिबियातील कृत्यांसाठी ग्रात्सियानी यांच्यावर कधीही खटला चालला नाही. उमर मुख्तार यांच्यावरील १९८१चा ‘लायन ऑफ द डेझर्ट’ हा चित्रपट इटलीत दीर्घकाळ दाखवू दिला गेला नाही. २००८ साली मात्र इटलीच्या पंतप्रधानांनी बेनगाझीत येऊन वसाहतकाळातील अन्यायाबद्दल माफी मागितली आणि ५ अब्ज डॉलरचा करार केला.

उमर मुख्तार यांचे नाव रस्त्यांना आहे, मशिदींना आहे, चित्र नोटेवर आहे. ताझिर्बूच्या वायूत भाजलेल्यांची आणि कुफ्राच्या वाटेवर रमजानमध्ये तहानेने मेलेल्यांची नावे कुठल्याही नोटेवर नाहीत. ज्यांना ते अलिफ-बे शिकवत आले, त्यांचीच ही माणसे होती. इफ्तारच्या पहिल्या घोटाला केलेल्या दुआत त्यांचीही आठवण असावी.