एक इंच खाली

‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ बघितलाय ना? २०१९चा सिनेमा. ख्रिश्चन बेलने साकारलेला तो तिरसट, तोंडाळ ब्रिटिश ड्रायव्हर म्हणजे केन माइल्स. सिनेमा संपल्यावर डोक्यात राहते ती १९६६ची ल माँची शर्यत आणि हातातोंडाशी आलेला, पण निसटलेला पहिला नंबर. वाईट वाटतं, अगदी मान्य. पण आज तुम्हाला याच माणसाची दुसरी एक गोष्ट सांगायची आहे. त्यात ट्रॉफी नाही, शॅम्पेन नाही. त्यात आहेत मस्टँगच्या पुढच्या सस्पेन्शनसाठी पाडलेले चार होल.

थांबा, पान उलटू नका. गाड्यांतलं काही कळत नसेल तरी चालेल.

केनचा जन्म १ नोव्हेंबर १९१८चा, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफिल्डचा. अभ्यासात मन नव्हतं, शाळा लवकर सुटली आणि तो वुल्झली या मोटार कंपनीत शिकाऊ कामगार म्हणून लागला. म्हणजे ज्या वयात आपण अकरावीची कटऑफ लिस्ट बघत असतो, त्या वयात त्याचे हात ग्रीसमध्ये होते. मोटरसायकलच्या शर्यतीही चालू होत्या. मग दुसरं महायुद्ध आलं. तो रणगाड्यांच्या तुकडीत गेला आणि १९४४ मध्ये नॉर्मंडीत उतरलेल्या सैन्यात होता. युद्ध संपलं, पुन्हा गाड्या सुरू.

१९५२ मध्ये पत्नी मॉली आणि लहानग्या मुलासह तो अमेरिकेत लॉस एंजेलिसला आला. नोकरी साधीच होती. एमजी गाड्यांच्या वितरकाकडे सर्व्हिस मॅनेजर. लोकांच्या गाड्या दुरुस्त करायच्या, तक्रारी ऐकायच्या. पण या पठ्ठ्याने एमजीचेच पार्ट घेऊन स्वतःची रेसिंग कार बनवली आणि १९५३ मध्ये तिच्यावर ओळीने १४ शर्यती जिंकल्या. पुढे कूपरच्या सांगाड्यात पोर्शेचं इंजिन बसवून आणखी एक गाडी केली. तिला सगळे ‘पूपर’ म्हणायचे. (हो, हेच नाव. अमेरिकन विनोदबुद्धी.) त्याला स्वतःलाही टोपणनाव होतं, ‘साइडबाइट’. तोंडाच्या एका कोपऱ्यातून तो टोमणे मारायचा म्हणून. बॉस असो नाहीतर आयोजक, खटकलं ते बोलून टाकायचा. करिअरच्या दृष्टीने ही सवय किती महाग पडते, हे तुम्हाला इंटर्नशिप करून बघितल्याशिवाय कळणार नाही.

१९६३ मध्ये तो कॅरोल शेल्बीच्या कंपनीत गेला. शेल्बी टेक्सासचा. स्वतः ल माँ जिंकलेला, हृदयाच्या दुखण्यामुळे ड्रायव्हिंग सोडून गाड्या बनवायला लागलेला. तिथे माइल्सचं काम नुसतं रेसिंगचं नव्हतं. गाडी ट्रॅकवर न्यायची, मरेस्तोवर चालवायची आणि परत येऊन नेमकं काय बिघडतंय ते सांगायचं.

आता येते मस्टँग. एप्रिल १९६४ मध्ये फोर्डने ती बाजारात आणली आणि अमेरिका वेडी झाली. दिसायला झकास, खिशाला परवडणारी. पण आतून ती होती फोर्डचीच साधी फॅमिली कार, फाल्कन. स्पोर्ट्स कारच्या शौकिनांनी नाकं मुरडली. मग फोर्डने शेल्बीला काम दिलं, हिला खरीखुरी स्पोर्ट्स कार बनव. त्यासाठी ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ची मान्यता हवी आणि मान्यतेसाठी १९६५ उजाडायच्या आत १०० गाड्या तयार हव्यात. क्लबचा नियमही गमतीचा होता. रस्त्यावर विकायच्या गाडीत बदल करून ती रेससाठी न्यायची, तर इंजिन बदला किंवा सस्पेन्शन, दोन्ही नाही. शेल्बीने डोकं चालवलं. रेसचं सस्पेन्शन विक्रीच्या गाडीतच घालायचं, म्हणजे रेससाठी इंजिनाला हात लावायला आपण मोकळे!

झालं. १९६४च्या उत्तरार्धात माइल्स आणि बॉब बाँड्युरंट हे दोघे मस्टँग घेऊन विलो स्प्रिंग्जच्या ट्रॅकवर गेले. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, वाळवंटी भागात आहे तो. बदल करायचा, चालवायचं, परत यायचं, पुन्हा बदल.

नेमका प्रॉब्लेम काय होता, ते हातानेच करून बघा. उजवा पंजा टेबलावर पालथा ठेवा. तो म्हणजे टायर, पूर्ण टेकलेला. आता पंजा तसाच करंगळीच्या बाजूला कलंडवा. टेबलाला फक्त कड टेकतेय, बरोबर? भरधाव मस्टँग वळणावर टाकली की बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाचं हेच व्हायचं. गाडीची बॉडी बाहेर झुकणार, तिच्याबरोबर चाकाचं डोकंही बाहेर जाणार आणि सगळा भार टायरच्या कडेवर. पकड संपली. स्टिअरिंग फिरवा किती फिरवायचं ते, गाडी आपली सरळच निघालेली.

चाक बॉडीला जोडलेलं असतं दोन आर्मनी, एक वरचा, एक खालचा. तुमच्या गॅरेजवाल्याने ‘लोअर आर्मचे बुश गेलेत’ असं सांगून बिल वाढवलं असेल, तर त्याच कुटुंबातले हे. वरचा आर्म बॉडीला जिथे बोल्टने बसतो ती जागा एक इंच खाली घेतली, की त्याचा वर-खाली व्हायचा मार्ग बदलतो. बॉडी झुकून बाहेरचं चाक वर दबलं, की आर्म चाकाचं डोकं आत ओढून धरतो. पंजा पुन्हा सपाट! एका बाजूला दोन बोल्ट, म्हणून नवे होल दोन. दोन बाजूंचे मिळून चार. बाकी काही नाही. अडीच सेंटिमीटरचा फरक आणि गाडीचा स्वभावच बदलला.

हे गणित माइल्सचं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. सस्पेन्शनची भूमिती फोर्डचा इंजिनिअर क्लाउस आर्निंग याने कॉम्प्युटरवर मांडलेली होती. तीही १९६४ मध्ये, म्हणजे खोलीभर कॉम्प्युटरच्या काळात. जीटी ३५०चा प्रोजेक्ट इंजिनिअर होता चक कँटवेल. माइल्सने दिली ती पाठ. म्हणजे अक्षरशः पाठ आणि कंबर. सीटमधून अंगात येणारी थरथर वाचून काय बदललं की गाडी ऐकते आणि काय बदलून उपयोग नाही, हे तो सांगायचा. कागदावरचं उत्तर बरोबर आहे की नाही, याचा निकाल असा लागायचा. आज तुम्ही कुठल्याही मस्टँगवेड्याला या चार होलबद्दल विचारा. कोणी त्याला ‘शेल्बी ड्रॉप’ म्हणेल, कोणी ‘आर्निंग ड्रॉप’. माइल्सचं नाव दोन्हीत नाही.

एक इंचावर काम थांबलं नव्हतं. पुढे एक इंच जाडीचा अँटी-रोल बार आला, म्हणजे गाडी कमी झुकते. कोनी कंपनीचे ॲडजस्ट करता येणारे शॉक अॅब्सॉर्बर आले. स्टिअरिंग जास्त चपळ केलं. आणि मग मजबुतीचं काम. जुन्या मस्टँगचं बॉनेट उघडलंत, तर इंजिनाच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचे दोन उंच खांब दिसतात. ते शॉक टॉवर. मस्टँगची स्प्रिंग वरच्या आर्मवर बसते आणि तिचं वरचं टोक या टॉवरमध्ये अडकलेलं असतं. म्हणजे प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट त्या पत्र्यात. वर्षानुवर्षं दणके खाऊन टॉवरला तडे जातात, ते आत, इंजिनाकडे झुकायला लागतात. शेल्बीच्या लोकांनी दोन्ही टॉवर एकमेकांना आडव्या दांडीने बांधले, तिला ‘माँटे कार्लो बार’ म्हणतात, आणि मागच्या भिंतीला एकाच तुकड्याच्या भक्कम ब्रेसने. दोन डुगडुगणाऱ्या खांबांचा एक पक्का त्रिकोण झाला.

आजही कोणी साठ वर्षं जुनी मस्टँग उभी करायला घेतं, तेव्हा याच वाटेने जातं. आधी स्प्रिंग कॉम्प्रेसरने स्प्रिंग दाबून काढायची. हे काम अजिबात हलक्यात घ्यायचं नाही, दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेऊ शकते. मग टॉवरवरची मळी, रंग खरवडून तडे शोधायचे, वेल्डिंग करायचं, गरज पडली तर वरून जाड पत्रा चढवायचा. बॉल जॉइंट नवे, बुश नवे. साचा लावून जुन्या होलच्या बरोबर खाली एक इंचावर नवे होल. सगळं जोडून झालं की व्हील अलाइनमेंट पहिल्यापासून, नाहीतर एवढी मेहनत नव्या टायरवर निघते.

आणि आता यातली खरी चिडचिड आणणारी गोष्ट. १९६५ मध्ये एकूण ५६२ जीटी ३५० बनल्या, सगळ्यांत हे काम केलेलं. १९६६च्या मॉडेलमध्ये आदल्या वर्षीच्या उरलेल्या गाड्या संपल्या आणि आर्म खाली घेणं बंद! का, तर खर्च वाचवायला. तेवढीच मजुरी वाचली. बाहेरून दिसत नाही ना, मग गिऱ्हाइकाला काय कळतंय. त्यामुळे आज १९६६ची शेल्बी समोर आली, की जाणकार आधी बॉनेट उघडून होल बघतात.

माइल्सने स्वतः निकाल दिला तो १४ फेब्रुवारी १९६५ला, टेक्सासच्या ग्रीन व्हॅलीत. जीटी ३५०ची ही पहिलीच शर्यत आणि त्याने ती जिंकली. त्या दिवसाचा फोटो शोधून बघाच. उंचवट्यावरून पांढरी मस्टँग उडालेली, चारही चाकं हवेत. मला त्या फोटोत गाडी उडालेली दिसत नाही, आता ती खाली आपटणार आणि सगळा भार त्या टॉवरवर येणार, एवढंच दिसतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १९६६ मध्ये त्याने लॉइड रुबीबरोबर डेटोनाची २४ तासांची शर्यत जिंकली, मग सेब्रिंगची १२ तासांची. जूनमध्ये डेनी हल्मबरोबर ल माँ जिंकली असती, तर एकाच वर्षात तिन्ही जिंकणारा तो पहिला ठरला असता. आघाडीवर असताना फोर्डच्या वरिष्ठांनी फोटोसाठी गाड्या एकत्र आणायला सांगितल्या, त्याने वेग कमी केला. आयोजकांनी पहिला नंबर दिला ब्रूस मॅकलारेन आणि ख्रिस अॅमनला, कारण त्यांची गाडी सुरुवातीला काही मीटर मागे उभी होती, म्हणजे तिने तेवढं अंतर जास्त कापलं. आयुष्यभर टोमणे मारणारा माणूस त्या दिवशी मात्र आदेश पाळून बसला.

दोनच महिन्यांनी, १७ ऑगस्ट १९६६ला, तो कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडच्या ट्रॅकवर होता. शर्यत नव्हती, नेहमीचं टेस्टिंग. फोर्डची नवी ‘जे-कार’, ॲल्युमिनियमच्या हनीकोम्ब पॅनलची, वजनाला हलकी. लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी वेग कमी करताना गाडी उलटली आणि तिचे तुकडे झाले. केन माइल्स जागीच गेला. ४७ वर्षांचा होता. त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा त्या दिवशी ट्रॅकवरच होता.

फोर्डने जे-कार रद्द केली नाही. तिच्यात स्टीलचा भक्कम पिंजरा बसवला, बॉडी नव्याने केली आणि नाव दिलं मार्क फोर. १९६७ मध्ये डॅन गर्नी आणि ए. जे. फॉइट यांनी त्याच गाडीने ल माँ जिंकली. त्याच शर्यतीत रात्रीच्या अंधारात दुसरी मार्क फोर भिंतीवर जाऊन आदळली. तिच्यात मारिओ आंद्रेटी होता. बरगड्यांना मार लागला, पण तो पिंजऱ्यातून जिवंत बाहेर आला. अकरा वर्षांनी, १९७८ मध्ये, आंद्रेटी फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला.