कोळशाच्या खाणीतून हार्वर्डकडे

कार्टर वुडसन यांचा जन्म १८७५ साली अमेरिकेतील व्हर्जिनियात झाला. आईवडील गुलामगिरीतून सुटलेले, वडील निरक्षर. तरुणपणी वुडसन कोळशाच्या खाणीत राबत. तेथे ऑलिव्हर जोन्स नावाचा, यादवी युद्धात लढलेला एक निरक्षर कामगार होता. त्याच्या घरी संध्याकाळी सोबती जमत. वुडसन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत आणि त्यांच्या तोंडून लढाईच्या हकिगती ऐकत. इतिहासाचा पहिला वर्ग तो हाच म्हणायचा!

हायस्कुलात गेले तेव्हा विशीला आले होते. १९०८ साली शिकागो विद्यापीठाची एम. ए. पदवी, पुढे हार्वर्ड. कृष्णवर्णीयांना इतिहासच नाही, असे मानणारे प्राध्यापक तेथे भेटले. वुडसन वॉशिंग्टनच्या शाळेत शिकवीत आणि उरल्या वेळात काँग्रेसच्या ग्रंथालयात जुनी कागदपत्रे चाळीत. असा प्रबंध पुरा करून १९१२ साली ते डॉक्टर झाले.

१९१५ साली त्यांनी आपल्या लोकांच्या इतिहास-संशोधनासाठी संस्था काढली, जानेवारी १९१६ मध्ये त्रैमासिक. (त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातिसंस्थेवरचा निबंध वाचला.)

तरुणांना ते हाताखाली घेत, पण काम कष्टाचे. पुढे नामवंत झालेले कवी लँग्स्टन ह्यूज यांच्या वाट्याला १८३० च्या जनगणनेतील सुमारे ३०,००० स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंबप्रमुखांची नावे वर्णानुक्रमे लावणे आले. डोळे शिणले, तेव्हा ह्यूज यांनी नोकरी सोडली. १९२५ साली ती यादी छापून निघाली : नाव, अंदाजे वय, घरात माणसे किती.