आधी जमीन वाचली, मग मारुती बसवला

शिराळा म्हटलं की बाहेरच्या माणसाला एकच गोष्ट आठवते, नागपंचमी. पण पेठ नाक्यावरून आत वळून शिराळ्याला एसटीतून उतरलात, तर स्टँडच्या जवळच एक जुनं मारुती मंदिर आहे. तिथे सकाळी लवकर जा. आत साधारण सात फूट उंचीची मूर्ती आहे, तोंड उत्तरेला. मूर्तीच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना भिंतीत झरोके ठेवलेत. सूर्य उगवला की एका झरोक्यातून ऊन थेट मारुतीच्या चेहऱ्यावर येतं. संध्याकाळी मावळतीचं ऊन दुसऱ्या बाजूनं येतं. हे काम १६५४ सालचं आहे. वीज नव्हती, सॉफ्टवेअर नव्हतं. कोणीतरी फक्त सूर्य कुठून येतो आणि कुठे जातो, हे नीट बघितलं होतं.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे शिराळ्याची एक मैत्रीण. तिनं घरी सांगितलं, मला लँडस्केप आर्किटेक्चर शिकायचंय. घरी सगळे जरा वेळ गप्प बसले. मग प्रश्न सुरू झाले. म्हणजे बागकामच ना? लॉन लावायला डिग्री कशाला? आणि आपल्या घरची शेती काय वाईट आहे? बिचारीला धड उत्तर देता येईना. मला विचारलं तेव्हा मलाही देता येईना. नंतर सुचलं, की उत्तर तिच्या गावच्या स्टँडजवळच उभं आहे. ज्यांनी तो मारुती बसवला, त्या समर्थ रामदासांचं आयुष्य या अंगानं वाचून बघायला हवं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. रामदास संत होते, कवी होते, मठांची मोठी साखळी उभी करणारे संघटक होते. त्यांना लँडस्केप आर्किटेक्ट म्हणणं म्हणजे आपला आजचा शिक्का त्यांच्यावर मारणं. हार्वर्डमध्ये या विषयाचं शिक्षण सुरू झालं तेच १९०० साली. पण या विषयात पहिल्या वर्षी जे शिकवतात, म्हणजे जागेवर जा, चाला, ऊन-वारा-पाणी बघा, मगच कागदाला हात लावा, ते या माणसानं आयुष्यभर केलेलं दिसतं.

बारा वर्षं एका नदीकाठी

नारायण सूर्याजी ठोसर हे त्यांचं मूळ नाव. जन्म १६०८ चा, रामनवमीचा, जांब गावातला. हे गाव आज जालना जिल्ह्यात आहे आणि जांब समर्थ याच नावानं ओळखलं जातं. आईचं नाव राणूबाई, थोरल्या भावाचं गंगाधर. वडील लवकर गेले. बाराव्या वर्षी घरच्यांनी लग्न ठरवलं आणि मंगलाष्टकांतला सावधान हा शब्द ऐकताच नवरा मुलगा बोहल्यावरून पळाला, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. पळाला इथपर्यंतच आपल्याला आठवतं. पळून जाऊन काय केलं, ते सहसा कोणी विचारत नाही.

तो नाशिकजवळ टाकळीला गेला. तिथे नंदिनी नदी गोदावरीला मिळते. या संगमावर त्यानं बारा वर्षं काढली. पहाटे उठायचं, नदीच्या पाण्यात उभं राहून जप करायचा, सूर्यनमस्कार घालायचे, दुपारी भिक्षा मागायची, मग वाचन, श्रवण आणि लेखन. परंपरा सांगते की टाकळीचा मारुती त्यांनी शेणाचा घडवला, म्हणून तो गोमय मारुती. हाताशी जे होतं, त्यातूनच घडवलं.

बारा वर्षं रोज एकाच पाण्यात उभं राहणाऱ्या माणसाला ती नदी किती कळली असेल? पावसाळ्यात कुठवर चढते, उन्हाळ्यात किती उरते, धुकं कधी येतं. ही माहिती पुस्तकात मिळत नाही. आज त्याच नंदिनीला नाशिककर नासर्डी म्हणतात आणि तिच्या पात्रात शहराचं सांडपाणी आहे. अशा नदीचा काठ पुन्हा माणसांचा कसा करायचा, हा आजच्या लँडस्केप आर्किटेक्टसमोरचा खराखुरा प्रश्न आहे. लॉनपेक्षा कितीतरी मोठा.

पुढची बारा वर्षं पायी

१६३२ च्या सुमारास, चोविसाव्या वर्षी, रामदास टाकळीहून निघाले. तो काळ भयंकर होता. १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खन आणि गुजरातेत मोठा दुष्काळ पडला होता. गावं ओस पडली होती, माणसं परागंदा झाली होती, वरून फौजांची ये-जा सुरूच होती. अशा मुलखातून हा तरुण चालत गेला. परंपरेनुसार हिमालयापासून रामेश्वरापर्यंत, बारा वर्षं. आस्मानी आणि सुलतानी या दोन्ही संकटांनी माणसाचं काय होतं, ते त्यांनी पुढे कवितेत मांडलं. ते घरात बसून सुचलेलं नव्हतं.

म्हणजे हिशेब बघा. बारा वर्षं एका जागी, बारा वर्षं रस्त्यावर. १६४४ च्या सुमारास ते कृष्णेच्या खोऱ्यात आले, तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. चार वर्षांत डिग्री आणि लगेच प्लेसमेंट या चौकटीत हे आयुष्य बसत नाही. पण त्यानंतरच्या दहा वर्षांत त्यांनी जे उभं केलं, ते आधीच्या चोवीस वर्षांशिवाय झालं असतं असं वाटत नाही.

अकरा जागा

१६४५ ते १६५४ या काळात रामदासांनी अकरा मारुती बसवले. सात आजच्या सातारा जिल्ह्यात आहेत : शहापूर, मसूर, चाफळचे दोन, शिंगणवाडी, उंब्रज आणि माजगाव. सांगली जिल्ह्यात बहे आणि शिराळा. कोल्हापूर जिल्ह्यात मनपाडळे आणि पारगाव. एखादी मोटरसायकल ट्रिप म्हणून आपले लोक हे अकरा मारुती दोन दिवसांत उरकतात. पण थोडं सावकाश फिरलं, तर लक्षात येतं की कुठलेच दोन एकसारखे नाहीत.

बह्याचा मारुती कृष्णेच्या पात्रातल्या बेटावर आहे. पाणी दोन्ही बाजूंनी फुटून जातं आणि मधे मारुती. शिंगणवाडीचा चाफळजवळच्या टेकडीवर. माजगावच्या वेशीवर घोड्याच्या आकाराचा एक दगड होता, त्यावरच मूर्ती कोरली असं सांगतात. दगड हलवला नाही, फोडला नाही, जिथे होता तिथेच त्याचा उपयोग केला. उंब्रजची मूर्ती चुना, वाळू आणि ताग यांची. शहापूरच्या मारुतीला तर लोक चुन्याचा मारुतीच म्हणतात. पारगावची मूर्ती दीड फुटाची, सगळ्यांत लहान. आणि शिराळ्याची सात फुटांची, झरोक्यांची.

लँडस्केपच्या स्टुडिओत मास्तर पहिला प्रश्न विचारतात : इथेच का? म्हणजे तुझं डिझाइन उचलून दुसऱ्या गावात ठेवलं तर चालेल का? चालत असेल, तर तू जागा बघितलीच नाहीस. बह्याचा मारुती शिराळ्यात ठेवून चालणार नाही आणि शिराळ्याचा बह्यात. माझ्या मते या अकरा मंदिरांतून शिकण्यासारखी सगळ्यांत मोठी गोष्ट हीच आहे.

आणि ही नुसती देवळं नव्हती. बलोपासना, तालीम, उत्सव, गावाचं एकत्र येणं, हे सगळं त्या आवारात व्हायचं. आजच्या भाषेत ती सार्वजनिक जागा होती. दुष्काळानं आणि धामधुमीनं विस्कटलेल्या गावाला पुन्हा जमायला एक ठिकाण लागतं, ते त्यांनी दिलं.

बागेची यादी

१६४८ साली चाफळला मांड नदीच्या काठी त्यांनी राममंदिर उभारलं आणि तिथे उत्सव सुरू झाला. पण ते स्वतः मठात फार रमले नाहीत. चाफळ, तोंडोशी, मोरघळ अशा डोंगरातल्या घळींत ते राहत. महाडजवळच्या शिवथरघळीत दासबोध लिहिला गेला अशी परंपरा आहे. ते सांगत गेले आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतलं. पावसाळ्यात त्या घळीच्या तोंडावर धबधबा कोसळत असतो.

दासबोधाची वीस दशकं आणि दोनशे समास आहेत. त्यातलं सोळावं दशक काढून बघा. सूर्य, पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा यांच्यावर एकामागून एक समास आहेत. हेतू अर्थातच अध्यात्माचा आहे. पण पाणी डोंगरातून कसं निघतं, कुठे झिरपतं, कुठे साचतं, कोणत्या मातीत काय होतं, हे सांगणाऱ्यानं ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. चौथ्या दशकात भक्तीचे प्रकार सांगताना ते विहिरी, तळी, वनं आणि फुलबागाही त्यात घेतात.

आणि मग आहे त्यांचं बाग प्रकरण. हे फारसं कोणी वाचत नाही. ओवीमागून ओवी नुसती झाडांची नावं. गंमत म्हणजे सुरुवात गुलाब-मोगऱ्यानं होत नाही, काट्यांनी होते. सागरगोटी, हिवर, खैर, करवंद असली झाडं आधी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कळेना, बागेत काटे कशाला? मग आजोबांच्या शेताची कड आठवली. गुरं आत येऊ नयेत म्हणून आधी कुंपण लागतं, मग रोपं. हा अर्थ माझा आहे, पण शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्या कुणालाही तो पटेल. पुढे फळझाडं येतात, फुलझाडं, वेली, भाज्या, औषधी वनस्पती.

आजच्या भाषेत हा प्लँटिंग प्लॅनचा कच्चा माल आहे, आणि त्यातलं पुष्कळसं आपल्या डोंगरातलं आहे. आता आपल्या कॉलेजच्या कॅम्पसमध्ये बघा. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. वर्षावृक्ष अमेरिका खंडातला, गिरिपुष्प मध्य अमेरिकेतलं. या झाडांशी भांडण नाही. पण चांदोलीच्या जंगलाला लागून असलेल्या तालुक्यात राहून आपल्याला हिवर आणि खैर ओळखता येत नसेल, तर बाग प्रकरण लिहिणारा माणूस आपल्यापेक्षा जास्त शिकलेला होता, हे मान्य करावं लागेल.

गडावरची शेवटची वर्षं

१६७६ साली रामदास परळीच्या किल्ल्यावर राहायला आले. तोच आज सज्जनगड. खाली उरमोडीचं खोरं, वर मोकळा वारा आणि पाण्याची तळी. आयुष्यभर चाललेल्या माणसानं थांबायला जागा निवडली तीही अशी, की जिथून सगळा मुलूख दिसतो. शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला त्यांचं निधन झालं. तीच दासनवमी. समाधी गडावरच, राममंदिराच्या खाली आहे.

तर मैत्रिणीच्या घरच्यांना काय सांगायचं?

आधी व्यवहाराचं. आपल्याकडे हा विषय बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर पातळीवर शिकवतात. म्हणजे नाटा परीक्षा देऊन पाच वर्षांचं बी.आर्क. करायचं आणि मग लँडस्केपमध्ये एम.आर्क. पुण्याचं भानुबेन नानावटी कॉलेज, अहमदाबादचं सेप्ट, दिल्लीचं स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर ही त्यातली माहितीची नावं. दुसरी वाट झाडांकडून जाते. कृषी विद्यापीठाचं चार वर्षांचं उद्यानविद्येचं बी.एस्सी., ज्यात लँडस्केपचा विषय असतो. आपल्या भागासाठी ते राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ. पहिल्या वाटेत रेषा आणि इमारत आधी येते, दुसरीत माती आणि मूळ. रामदासांकडे बघितलं तर दोन्ही लागतं हे कळतं, पण सुरुवात कुठूनही होऊ शकते.

आणि बागकामच ना, या प्रश्नाला उत्तर असं, की हो, बागकामही. त्याशिवाय नदीचा काठ, पुराचं पाणी, गावचं मैदान, यात्रेची गर्दी, शाळेची सावली. पश्चिमेला धो-धो पाऊस आणि पूर्वेला टँकर, असा आपला जिल्हा आहे. इथे पाणी कुठे अडवायचं, झाड कुठलं लावायचं आणि माणसांनी कुठे बसायचं, हे कळणाऱ्या माणसांची गरज आहे. घरची शेती वाईट नाहीच. उलट बांध, उतार आणि पाट ज्या पोरीनं लहानपणापासून बघितलेत, तिचं निम्मं पहिलं वर्ष घरीच झालंय.

मैत्रिणीचा फॉर्म अजून भरलेला नाही. या रविवारी ती वडिलांना घेऊन सूर्य उगवायच्या आत मारुतीच्या देवळात जाणार आहे. झरोक्यातून ऊन येईपर्यंत थांबायचं आणि मगच विषय काढायचा, असं तिनं ठरवलंय.